धाकट्याचे उघडे खड्डे

एका डोंगराच्या उतारावर, करवंदीच्या जाळीखाली, साळिंदरांचे एक कुटुंब बीळ करून राहत असे. थोरला भाऊ, त्याची बायको, त्यांची दोन पिल्ले आणि धाकटा भाऊ. मुलांनो, साळिंदराच्या अंगभर लांब लांब काटे असतात आणि त्याला जमिनीतले कंद फार आवडतात. सांज झाली की दोघे भाऊ उतार चढून जात आणि रानकंद उकरून पोटभर खात.

दोघांच्या खाण्यात मात्र मोठा फरक होता. थोरला कंद काढला की त्याचे वरचे डोके, म्हणजे जिथून वेल फुटतो तो भाग, दातांनी वेगळा करी, खड्ड्यात परत ठेवी, वर माती लोटी आणि पायाने दाबी. धाकटा उकरी, खाई आणि खड्डा तसाच टाकून पुढच्या वेलाकडे धाव घेई.

"दादा, तुझं पुरून होईपर्यंत माझे तीन कंद पोटात गेलेले असतात!"

"असू देत. तू हो पुढे," असे म्हणून थोरला हसे आणि माती दाबत मागे राही.

एका उन्हाळ्यात थोरल्याच्या पायात बाभळीचा काटा मोडला. पाय सुजला आणि त्याचे चढणे बंद झाले. "तू नुसता बसून राहा दादा, मी आहे ना!" धाकटा म्हणाला, आणि त्याने ते खरे करून दाखवले. रोज एकटा वर जाऊन त्याने इतके उकरले, की सगळ्यांचे पोट भरून कंद उरू लागले. उतारभर खड्डेच खड्डे झाले.

पूर्वी त्या डोंगरावर पाऊस चार महिने रिमझिमत राही. अलीकडे त्याची रीत बिघडली होती. महिनाभर तो दडी मारी आणि मग एका दुपारी सगळा एकदम ओते. त्या आषाढातही तसेच झाले. भर दुपारी अंधारून आले आणि वरून धडधड आवाज करत लाल चिखलाचा लोंढा बिळाकडे सुटला. थोरल्याने पिल्लांना बाहेर ढकलले, बायकोला ढकलले. "घे त्यांना वर! मी आलोच!" तो धाकट्याला ओरडून म्हणाला. पण सुजलेल्या पायाने त्याला धावता आले नाही. चिखलाने बिळाचे तोंड बुजून गेले.

धाकट्याने तीन दिवस उकरले. सगळ्या रानात त्याच्याइतके भराभर उकरणारे कोणी नव्हते. पण तो जितके उकरी, तितका ओला चिखल घसरून परत आत येई. नखे तुटून रक्त आले तेव्हा वहिनीने त्याला ओढून बाजूला घेतले.

"भावजी, पुरे. आता नाही सापडायचे ते."

त्या लोंढ्याने उतारावर एक खोल घळ पाडली होती. तिच्याकडे पाहिले की धाकट्याचे काटे ताठ उभे राहत. "हिनेच माझा दादा खाल्ला. हिचं तोंडच बंद करतो!" त्याने एक मोठा धोंडा लोटत लोटत आणला आणि घळीच्या तोंडाशी, बरोबर थोरला जिथे गेला तिथे, आडवा बसवला.

कोल्हा वरच्या खडकावरून मजा बघत होता. "अरे वा, पाण्याशी कुस्ती! काटे टोचून बघ की त्याला!"

"खाली ये, तुला टोचून दाखवतो," धाकटा म्हणाला.

भाद्रपदात पुन्हा तसाच पाऊस ओतला. पाण्याने धोंडा पाचोळ्यासारखा उचलून खाली फेकला आणि जाता जाता घळीचा काठही ओरबाडून नेला. तो काठ आता वहिनीच्या नव्या बिळापासून पाच पावलांवर आला होता.

"असा अजून एक पाऊस आला तर हे बीळही जाईल," पिल्लांना पोटाशी घेऊन वहिनी म्हणाली. "पलीकडे जावं तर तिकडे नुसता कातळ. बिळाजोगी माती उरलीय ती एवढीच."

धाकटा घळीत जाऊन तुटल्या काठाला धडका देऊ लागला. तेवढ्यात काठातून एक म्हातारे गांडूळ वळवळत बाहेर आले.

"अरे बाबा, हळू! आधीच माझं निम्मं घर वाहून गेलंय. कशावर रागावलास एवढा?"

"या पाण्यावर."

"मग इथे काय करतोस? इथवर येईपर्यंत ते दांडगं झालेलं असतं. वर जा. तिथे ते अजून लहान आहे, तुझ्या एका पंजानेही अडेल."

"वर आहे तरी काय?"

"मला काय विचारतोस? डोळे तुला दिलेत, मला नाहीत."

धाकटा घळीच्या कडेने चढू लागला. वर जावे तशी घळ अरुंद होत गेली. आधी ती त्याच्या अंगाइतकी झाली, मग पंजाइतकी, मग शेपटीच्या काट्याइतकी बारीक झाली आणि एका खड्ड्यापाशी संपली. खड्ड्यात अर्धवट खाल्लेला कंद सुकून पडला होता. त्यावर दोन दातांच्या खुणा होत्या. धाकट्याने आपले दात त्या खुणांवर ठेवून पाहिले. ते बरोबर बसले.

त्याच्या खाली दुसरा खड्डा, त्याच्या खाली तिसरा. सगळे उघडे, सगळे त्याचेच. पावसाने एकातून उतरून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी वाट काढली होती. जरा बाजूला थोरल्याच्या जुन्या जागा होत्या. तिथे पुरलेल्या डोक्यांतून वेल फुटून आडवेतिडवे पसरले होते, त्यांच्या मुळ्यांनी माती घट्ट धरली होती, आणि पाचोळ्याखाली पाय ठेवला तर जमीन मऊ आणि ओली लागत होती. तिथली मूठभरही माती हलली नव्हती.

धाकटा तिथे किती वेळ बसला ते त्यालाच कळले नाही. मग तो खाली आला आणि वहिनीपुढे उभा राहिला.

"वहिनी, घळीने नाही. माझ्या खड्ड्यांनी दादाला नेलं."

वहिनी पिल्लाला जवळ घेऊन बसली. पिल्लाच्या अंगावरचा चिखल तेवढा चाटत राहिली.

"त्यांना ठाऊक होतं," शेवटी ती म्हणाली. "दर वर्षी तुम्ही पुढे उकरत जायचात आणि हे मागून तुमचे खड्डे बुजवत यायचे. मी म्हणायचे, एकदा सांगा ना त्याला. तर म्हणायचे, लहान आहे अजून, शिकेल. या उन्हाळ्यात तेवढा त्यांचा पाय चालला नाही."

धाकट्याला रडू आवरेना. वहिनी उठली. "उद्या ऊन कलताना निघायचं ना वर? आम्हीही येतो. एकट्याने नाही व्हायचं हे."

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झाले. माथ्यापासून खाली, एकेक खड्डा. प्रत्येकात कंदाचे डोके, वर माती, वर पाचोळा. जिथे पाण्याची वाट दिसे, तिथे तिच्या आडवी लहान दगडांची ओळ. दगडांमागे काटक्या, काटक्यांमागे गवताचे ठोंब. धाकट्याचा स्वभाव काही एका दिवसात बदलला नाही. चार दगड नीट बसले नाहीत की तो पाचवा रागाने फेकून देई, उतरून जाई, आणि थोड्या वेळाने तोच दगड लोटत परत आणी.

उन्हाळ्यात पोटाला चिमटा बसला. कारण आता सगळे वेल उकरायचे नव्हते. दोन काढले की तिसरा सोडायचा, हे त्याने स्वतःच ठरवले होते.

"काका, कंदाचं डोकं पण खाऊ ना!" धाकटे पिल्लू कुरकुरले.

"डोकं खाल्लंस तर पुढच्या वर्षी काय माझे काटे खाशील?"

"शिजवून?" पिल्लाने विचारले, आणि थोरला गेल्यापासून वहिनी पहिल्यांदा हसली.

खडकावरून कोल्हा रोज विचारी, "काय रे, झाली का कुस्ती?" धाकटा मान वर करत नसे. त्याच्या तोंडात दगड असे.

पुन्हा आषाढ आला. महिनाभर आभाळ कोरडे राहिले आणि मग एका दुपारी सगळा पाऊस एकदम ओतला. वहिनी पिल्लांना घेऊन बिळाच्या तोंडाशी बसली. धाकटा बाहेर, घळीच्या काठावर पाय रोवून उभा राहिला. गेल्या वर्षीचा तो आवाज ऐकायला त्याने कान टवकारले होते.

आवाज आला नाही. माथ्यावर पाणी पहिल्या ओळीला थबकले, पाचोळ्यात मुरले, उरलेले वरून सांडून दुसऱ्या ओळीपाशी आले. तिसरी ओळ एका जागी फुटली. धाकटा चिखलात धावत वर गेला, तिथे आपले अंग आडवे घालून पडला आणि पडल्या पडल्याच पंजांनी दगड परत बसवत राहिला. घळीत पाणी आले खरे, पण ते धावत आले नाही, चालत आले. काठ जिथे होता तिथेच राहिला. पाच पावले पाचच राहिली.

पाऊस ओसरता ओसरता कोल्हा निथळत बिळाशी आला. "माझ्या कपारीत पाणी भरलंय. आत जागा होईल का हो?"

"होईल," वहिनी म्हणाली. "आमच्या काट्यांपासून तेवढं जपा. भावजींचे अजून ताठ आहेत."

श्रावणात उतारभर वेल फुटले. एका सांजेला पिल्ले काकाबरोबर वर गेली. धाकट्या पिल्लाने पहिल्यांदाच स्वतः एक कंद उकरला, डोके घाईघाईने बाजूला टाकले आणि उड्या मारत पुढच्या वेलाकडे पळाले. खड्डा तसाच उघडा राहिला.

काका मागे थांबला. त्याने कंदाचे डोके उचलून खड्ड्यात ठेवले आणि माती लोटली. पायाने दाबायला गेला, आणि थबकला. मग त्याने हाक मारली, "ए पिल्ला, मागे ये. हा तुझा खड्डा आहे. दाब पायाने. मी दाखवतो."

तात्पर्य : जमिनीतून घेताना जो खड्डा आपण करतो, तो आपणच बुजवावा, तो बुजवणारा कोणी नेहमीच आपल्या मागे असेल असे नाही.