ब्रिटनांचा राजा आणि निळीची बादली

रेसिडेंट साहेब आणि त्यांच्या मडमेच्या स्वागतार्थ हिरवडी संस्थानात प्राचीन ब्रिटन लोकांवरील नाटक ठरले. राजाची भूमिका दिवाण चिटके यांनी स्वतःकडेच घेतली. पोशाखासाठी बिराबाई सनगर या विणकरणीने, इतिहासाच्या मास्तरांना विचारून, चौकड्यांची लोकरी घोंगडी दोन महिने खपून विणली.

घोंगडी पाहताच महाराजांसमोरच दिवाणसाहेब कडाडले, “अगं, ते लोक उघडेच हिंडत! अंगाला निळा रंग फासत. जगाला ठाऊक आहे. ने ही घोंगडी परत!”

बिराबाई महाराजांकडे वळली. “सरकार, दिवाणसाहेबांचंच खरं. मी निळीची बादली आणते. कापडं तेवढी आत्ताच उतरवा म्हणावं. परवा मडमेपुढं लाजायला नको.”

दिवाणसाहेबांनी उपरणे घट्ट आवळले आणि प्राचीन ब्रिटन नखशिखांत घोंगडी पांघरत असत, हा ताजा शोध तेथल्या तेथे जाहीर केला.