दुसरे पदक

एकदा एका पायदळ पलटणीत एक सुभेदार होते. वय पन्नाशीला टेकलेले. गावी असते तर त्यांना कुणी म्हातारे म्हटले नसते. पण विशीतल्या पोरांत ते वृद्धच ठरले. पलटणीतल्या बहुतेकांना बंदूक धरायला त्यांनीच शिकवले होते. त्यामुळे हुद्द्याने त्यांना कुणी हाक मारीत नसे. सगळे त्यांना उस्ताद म्हणत.

त्यांच्या शिष्यांत भोईटे नावाचा एक नाईक होता. युद्ध सुरू झाले आणि पहिल्या पंधरवड्यातच त्याने शत्रूची मशीनगन एकट्याने बंद पाडली. त्याबद्दल त्याला शौर्यपदक मिळाले. ते खरे शौर्य होते, त्यात शंकेला जागा नाही. गोळ्यांच्या वर्षावात तो सरपटत गेला, तेव्हा पदक नावाची वस्तू जगात आहे हेही त्याच्या ध्यानात नव्हते. पण मिळाल्यावर मात्र ते ध्यानातून जाईना. लढाईत छातीवर पदकाची फीत लावून कुणी जात नाही, तरी त्याचे बोट अधूनमधून त्या जागेवर जायचे. गावाकडून निरोप आला होता की दुसरे पदक मिळाले तर वेशीवर कमान उभारू. त्या बिचाऱ्याला तरी काय बोलायचे? कमान कुणाला नको असते!

अशात ओढ्याकाठी चकमक झाली. गुजाबा शेडगे नावाचा जवान उघड्यावर जखमी होऊन पडला. भोईटे धावला आणि दंडात एक, गुडघ्यात एक गोळी लागलेल्या गुजाबाला खांद्यावर घालून परतला. हे कॅप्टनसाहेबांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. शौर्यपदकासाठी नाव पाठवायचे तर ते शौर्य कुणीतरी पाहिलेले असावे लागते, आणि इथे तर खुद्द साहेबच साक्षीला.

"भोईटे, समोरची टेकडी घेताना तू सर्वांत पुढे राहा," साहेब म्हणाले. "मग तुझं दुसरं पदक कुठं जात नाही."

चढाईच्या आदल्या संध्याकाळी उस्तादांनी जागा वाटून दिल्या. पुढे कोण, बगलेला कोण, दारूगोळा कुणाकडे, सगळे सांगून झाले. शेवटी ते म्हणाले, "भोईटे, तू मागं. स्ट्रेचरवर."

सगळे चपापले. लढाईत जखमींना उचलून खाली नेणे हे पलटणीत बँडवाल्यांचे काम. "आता ढोल शिकून घे, भोईटे," मागून कुणीतरी कुजबुजले आणि हशा पिकला. भोईटेच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"उस्ताद, माझं काय चुकलं?"

"टेकडी घेऊन झाली की विचार," उस्ताद म्हणाले. साहेबांच्याही कपाळाला आठी पडली होती, पण उस्तादांनी वाटलेल्या जागा बदलायचा प्रघात नव्हता.

पहाटे चढाई सुरू झाली. भोईटे धुमसतच स्ट्रेचरपाशी उभा राहिला. जोडीला बँडमधला सनईवाला. पहिला जखमी आला, मग दुसरा, आणि मग धुमसायला वेळच उरला नाही. दोन्ही हात दांड्यांना जखडलेले, पायाखाली दवाने निसरडे झालेले गवत, आणि मधेच सुटे दगड. पाय घसरला तर झोळीतला माणूस दरीत जाणार. जखमी पाणी मागत होता, आईला हाका मारीत होता, आणि भोईटे त्याला सारखे सांगत होता, "आलंच बघ, आलंच." आजूबाजूला गोळ्या आपटत होत्या. दुपारी वरून जयघोष उठला, तेव्हा तो उताराच्या मध्यावर होता. टेकडी हाती आल्याचे त्याला ते ऐकूनच कळले.

शेवटचा जखमी डॉक्टरांच्या स्वाधीन करून तो वर आला. उस्ताद खंदकाच्या कडेला चहाचा मग घेऊन बसले होते.

"हं, आता विचार," ते म्हणाले.

"मला मागं कशापायी ठेवलंत?"

उस्तादांनी मग खाली ठेवला. "ओढ्यावर गुजाबा पडला, तवा त्याच्या सगळ्यांत जवळ तू होतास. तू गेलास, हे खरं. पर जायच्या आधी मागं वळून बघितलंस, साहेब पोचलं का न्हाई ते. साहेब झाडीतनं भायेर आलं, मग तू उठलास. पहिली गोळी गुजाबाच्या दंडाला लागली व्हती. गुडघ्यातली गोळी तू मागं बघत व्हतास तवाची हाय."

भोईटेला नाही म्हणायचे होते. पण त्या क्षणाचे काय आठवते म्हणून मनात पाहिले, तर झुडपांतून वर आलेली साहेबांची टोपी त्याला लख्ख आठवली. गुजाबाचा चेहरा आठवेना. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"पदक वाईट न्हाई, लेका," उस्ताद म्हणाले. "तुझ्या पहिल्या पदकाला मी सबंद पलटणीपुढं सलाम ठोकला, उद्याबी ठोकीन. पर पदक झाल्या कामाचं असतं. व्हायच्या कामात ते डोळ्यापुढं आलं, की माणूस दोन ठिकाणी बघाय लागतो. आन् लढाईत दोन ठिकाणी बघणाऱ्याच्या शेजारचा मरतो. तुला मागं टाकलं ते शिक्षा म्हणून न्हाई. त्या दांड्या हातात असल्या की मागं बघायला सवड नसती, म्हणून टाकलं. आज एकदा तरी वळून बघितलंस?"

भोईटे विचारात पडला. नव्हते पाहिले. कुणी पाहत असेल का, हा प्रश्नही दिवसभरात त्याला पडला नव्हता.

"गुजाबाला सांगाय पायजे," तो हळूच म्हणाला.

"सांग. शिव्या देईल. त्या ऐकून घे."

इतक्यात कॅप्टनसाहेब आले. "भोईटे, खाली डॉक्टर तुझ्याबद्दल सांगत होते. मधल्या उतारावर तर समोरून गोळीबार होता म्हणे. स्ट्रेचरच्या जोडीदाराची साक्ष चालत नाही; आणखी कुणी तुला तिथं पाहिलं? नाव पाठवता येईल."

भोईटेने उस्तादांकडे पाहिले. उस्ताद म्हणाले, "मी पुढं व्हतो, साहेब. मला काय दिसलं न्हाई."

"कुणीच बघितलं न्हाई, साहेब," भोईटे म्हणाला. इतके सहज शब्द आपल्या तोंडून निघाले, याचे त्यालाच हसू आले. मनात काहीही खुपले नाही.

पुढच्या टेकडीच्या वेळी उस्तादांनी पुन्हा जागा वाटल्या. "भोईटे, तू सर्वांत पुढं," ते म्हणाले, आणि भोईटेने कारण विचारले नाही.