कलशातले बेडूक

एका राज्यात एक घर होतं आणि त्या घरात एक नियम होता: घरच्या माणसाविरुद्ध बेलभंडार उचलायचा नाही, आणि का, ते विचारायचं नाही. बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा हातात घेऊन बोललेलं खोटं त्या राज्यात कुणाला पचत नसे, तरीही नियम तो नियम. घरातल्या तुंगाने एकदा विचारलं. आत्याबाई म्हणाल्या, "जीभ फार लांब झालीय हिची."

तुंगाचे आबा, हैबतराव, राजसभेत निंबपरगण्याच्या आसनावर बसत. माणूस मायाळू. लेकीला खांद्यावर घेऊन तळ्याकाठी नेत, शिंगाडे सोलून भरवत. परगण्यात कुणाचीही मुलगी सासरी निघाली, की पहिलं रडू आबांना फुटे.

पण आसन जाईल, या धास्तीने त्यांनी एका मांत्रिकाशी सौदा केला. मांत्रिकाला तळ्याच्या तळाची माणकं हवी होती. त्याने आबांच्या संमतीने अख्खं तळं तांब्याच्या कलशात भरलं, वर नारळ ठेवला, माणकं उचलली आणि जाताना वर दिला, "हे आसन तुला कधी सोडणार नाही."

आसनाने शब्द पाळला. ते आबांना चिकटलं. भोई त्यांना आसनासकट सभेत नेत, आसनासकट घरी आणत. पाटावर बसून जेवणं संपलं. लेकीला खांद्यावर घेणं संपलं. कलश देवघरात राहिला आणि परगणा तहानेला.

परगण्याने न्यायसभेत दाद मागितली. रीत अशी होती, की घरच्या तिघांनी बेलभंडार उचलून निर्दोष म्हटलं तर आरोपी सुटे.

थोरले काका पुढे झाले. "तळं आपोआप आटलं." शब्द संपताच त्यांच्या पगडीत वारूळ उठलं.

आत्याबाई म्हणाल्या, "कलशात गंगाजल आहे." त्यांच्या बांगड्यांवर शेवाळ चढलं.

न्यायाधीशांच्या खांद्यावरची साळुंकी बोलली, "तिसरी शपथ खोटी निघाली, तर कलश पुन्हा कधी उघडणार नाही."

तुंगा उठली. काकांनी तिचा पदर धरला. "पोरी, बाप आहे तुझा."

"म्हणूनच, काका."

तिने बेलभंडार उचलला. आबांकडे पाहिलं. "दर दसऱ्याला तो कलश मी चिंचेने घासते. आत बेडूक ओरडतात. गंगाजलात एवढे बेडूक कुठून आले? तळं आमच्या घरात आहे. आबांनी ते दिलं."

तिकडे देवघरात नारळ तडकला. पाणी उंबरा ओलांडून, वाट विचारत विचारत आपल्या जागी गेलं. मागोमाग बगळे गेले. इकडे आसनाने आबांना सोडलं आणि आबा भर सभेत धपकन जमिनीवर पडले.

कुणी हसलं नाही. आबांनी आधी पायाची बोटं हलवली, मग मांडी घातली.

"तुंगे," ते म्हणाले, "जमीन किती गार असते गं!"

न्यायाधीशांनी निवाडा दिला: आसन गेलं, तीन पावसाळे बंदिवास. आबा आपल्या पायांनी चालत निघाले. दाराशी थांबून त्यांनी हळूच विचारलं, "शिंगाडे आणशील?"

"आणीन. सोलून आणीन."

ते जाताच घरची मंडळी तिच्याभोवती जमली.

"अजून वेळ आहे," काका म्हणाले. "भ्रम झाला होता म्हण. शब्द मागे घे."

"घराण्याचं नाक कापलंस, मेले!" आत्याबाई म्हणाल्या. "नियम ठाऊक नव्हता तुला?"

"ठाऊक होता. शब्द मागे घेणार नाही." तुंगाने मूठ उघडली. तळहातावर भंडारा अजून पिवळाधमक होता. "आता हा हातात घ्या, आणि तो नियम कुणाच्या भल्यासाठी होता, ते सांगा."

काकांनी पगडी चाचपली. आत्याबाईंनी बांगड्या पदराआड लपवल्या. दूर तळ्यावर बेडूक ओरडत होते. तिच्या हाताकडे कुणाचाच हात आला नाही.