आवाज अण्णांचाच होता

“मग खोटा आवाज ओळखायचा तरी कसा, बाबा?”

सुकुमार अण्णांनी हे दुसऱ्यांदा विचारलं. डोंगर चढून धाप लागली होती, तरी बसायला तयार नव्हते.

बाबांनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

“पाणी नको. घाईत आहे मी.”

“बरं,” बाबा म्हणाले. तांब्या तिथेच राहिला.

हे बाबा एके काळी बहुरूपी होते. सोंगं घेऊन गावोगाव फिरायचे. कधी फौजदार, कधी वैदू, कधी कुणाचा परगावचा पाहुणा. अंग थकल्यावर डोंगरावरच्या या मठीत येऊन राहिले. ज्यानं जन्मभर सोंगं केली त्याला सोंगाची खूण ठाऊक असणार, या आशेनं अण्णा आले होते.

“झालं काय ते नीट सांग.”

अण्णांनी सांगितलं. हुपरीत त्यांचा चांदीच्या पैंजणांचा लहानसा कारखाना. कपाटाची किल्ली शालनकडे, जुनी बाई. गेल्या आठवड्यात तिला फोन आला. नंबर परका, आवाज अण्णांचा. माझा मोबाइल बंद पडलाय, दारात माणूस येतोय, तयार पैंजण त्याच्याकडे दे. तिनं दिले. त्या वेळी अण्णा एका लग्नाच्या पंगतीत जेवत होते.

“कुणी नकलाकार?”

“माणूसच नव्हे, बाबा. कॉम्प्युटर. एआय म्हणतात त्याला. जाहिरातीसाठी मी बोलतानाचे व्हिडिओ टाकतो ना, त्यातनं माझा आवाज उचलला म्हणे.”

बाबा पुढे सरकून बसले.

“तुझं खाकरणंसुद्धा?”

“शालन म्हणते, खाकरणंसुद्धा.”

“आणि रागावणं?”

“तेही.”

“मला दुसऱ्याचं खाकरणं कधी साधलं नाही,” बाबा हळहळले.

अण्णांना हसू आलं नाही.

“शालनला उद्या घरी बसवतोय. पण नवी बाई ठेवली तरी तिला काही खूण शिकवायला नको का? कपाटात उरलीय तेवढीही चांदी गेली, तर कारखान्याला कुलूप लावावं लागेल.”

“शालननं तुझ्या नंबरवर उलट फोन करून नाही विचारलं?”

“माझा आवाज ऐकल्यावर माझी माणसं उलट विचारत नाहीत.” अण्णांची मान जराशी ताठ झाली. “पूर्वी एकदा विचारलं होतं तिनं. चार माणसांत झापली होती.”



“मी एकाच दारी हरलो,” बाबा म्हणाले. “कुंभारीण होती. घरधनी बाजाराला गेलेला. मी त्याचा निरोप्या होऊन गेलो. म्हटलं, गाढव सोड, धन्यानं मागवलंय.”

“तिनं तुम्हाला ओळखलं?”

“छे. ती कुणालाच ओळखायची नाही. निरोप घेऊन कुणीही आला की म्हणायची, बस, पाणी पी. आणि परसदारानं जाऊन धन्याला विचारून यायची.”

“तिचा सख्खा दीर निरोप घेऊन आला तर?”

“तोही बसायचा. पाणी प्यायचा.”

“पण खऱ्याला कशाला बसवायचं?”

बाबांनी अण्णांच्या हातातल्या मोबाइलकडे बोट दाखवलं.

“लाव शालनला. सांग, दारात माणूस येतोय, उरलेली चांदी देऊन टाक.”

अण्णा दचकले.

“येणार कुणी नाही. तू सांग तर खरं.”

अण्णांनी फोन लावला. बाबांना ऐकू यावं म्हणून स्पीकर सुरू केला.

“शालन, माणूस पाठवलाय. कपाटातली चांदी त्याला दे.” आणि सवयीनं खाकरले.



“अण्णा, तुम्ही फोन ठेवा. मी तुमच्या नंबरवर लावते.”

“अगं, मीच बोलतोय. नंबरही माझाच दिसतोय ना?”

“असाल. त्या दिवशीही तुम्हीच होता.”

“शालन, मालक कोण आहे?”

“तेच विचारून घेते, अण्णा. मग हवं तेवढं रागवा.”

फोन बंद झाला.

अण्णांचे कान लाल झाले.

“बघितलंत? माझा फोन ठेवला. माझा! खरा मी इथं बसलोय आणि ती...”

बोलता बोलता ते अडखळले. आपण केव्हा खाली बसलो, हे त्यांना कळलंच नव्हतं.

“उद्या हिला...” ते म्हणाले.

वाक्य पुरं झालं नाही. मोबाइल अजून वाजला नव्हता.

बाबांनी तांब्या उचलला आणि त्यांच्या हातात दिला.

“पाणी पी.”