ठकूच्या चढणीचं मोजमाप

ही हकीकत शंभर टक्के खरी आहे. खोटी निघाली तर माझी मिशी उतरवा. मिशी मी ठेवत नाही आणि त्या राज्यात मी कधी पाऊलही टाकलेलं नाही. पण एवढ्यावरून कुणी संशय घेऊ नये.

ते राज्य दोन भिंतींच्या मध्ये होतं. एक भिंत वर, एक खाली, आणि मधल्या पोकळीत ओढ, सदैव खालच्या दिशेची. प्रजा म्हणजे बारीक बारीक कण. ओढ लागे ती फक्त भारवाल्या कणांना. बिनभाराचे हवेत कुठेही तरंगत, कूस बदलत, जांभया देत. कुणी किती काम केलं हे ठरवायचा अधिकार या बिनभाराच्यांकडे होता. ज्याला ओढ लागते तो निःपक्षपाती कसा राहणार, असं त्यांचं म्हणणं.

ठकू भारवाली. तिची आई खालच्या भिंतीला चिकटलेली होती. ती भिंत वाईट. चिकटलेल्याचा भार तिच्यात हळूहळू मुरत जाई आणि शेवटी नुसता डाग उरे. आईच्या कडा पुसट होऊ लागल्या होत्या. मात्र जो वरच्या भिंतीपर्यंत चढून काम सिद्ध करी, त्याला तिथे दोन जागा मिळत : एक त्याची, एक त्याच्या माणसाची.

"मी वर जाऊन तुझी जागा करते," ठकू म्हणाली.

"जा बाई. पण सरळ वाटेनं नको. तिथं ते बिनभाराचे पाय पसरून बसलेत. धक्का लागला तर उगाच बोलणी खाशील."

म्हणून ठकू वळशानं गेली. आडव्या सपाट वाटांवरून लांबच लांब चालली, एकदा घसरली, घसरली तेवढं पुन्हा चढली. प्रत्येक पावलाला ओढ तिच्या पायांना लोंबकळत होती. चढलेलं सगळं अंगात साठत गेलं, आणि वर पोचली तेव्हा ती ताणलेल्या तारेसारखी झणझणत होती.

वरच्या भिंतीच्या दाराशी अलिप्तराव होता, बिनभाराच्यांतला मुख्य मोजणारा.

"कुठून निघालीस?"

"खालच्या भिंतीपासून, साहेब."

"आलीस कुठे? इथे. झालं की काम. सरळ आलेल्याचं जेवढं, तेवढंच तुझं."

"पण मी केवढा वळसा घालून..."

"ती तुझी हौस. मधलं आम्ही काही धरत नाही." मग तो मायेनं म्हणाला, "शाबास. दोन जागा दिल्या. जा, आईला घेऊन ये."

"इथनंच हाक मारली तर?"

"चिकटलीय ना ती? हाकेनं सुटेल?"

हे खरंच होतं. ठकूनं पाऊल सोडलं.

उतरायला काय लागतं? ओढीनं तिला अलगद उचललं. अंगात साठलेली चढण भसाभस बाहेर पडू लागली, आणि ठकू जसजशी खाली आली तसतसे त्याच चढणीवर वरच्या भिंतीवरचे दिवे एकेक करून पेटत गेले.

"अगं, वर केवढा उजेड पडलाय," आई क्षीण आवाजात म्हणाली. "कुणाचं लग्नबिग्न आहे का?"

"आपलीच जागा झालीय. चल, ऊठ," म्हणत ठकूनं तिचा हात धरला. एवढ्यात अलिप्तराव तरंगत खाली आला.

"कुठून निघाली होतीस?"

"इथून."

"आत्ता आहेस कुठे?"

ठकूनं पायांखाली पाहिलं. "इथंच."

"मग काम कसलं केलंस? शून्य. जागा रद्द."

"अहो, मी वर होते! तुम्हीच बघितलंत!"

"बघितलं ना. पण मधलं आम्ही धरत नाही, हे तुला तिथंच सांगितलं होतं."

ठकू आईकडे वळली. मुठीत हात नव्हता. भिंतीवर एक ओलसर डाग होता.

आता कबूल करतो, यातलं एक मी बनवलं आहे. अलिप्तराव खाली आला नव्हता. असले लोक खाली येत नाहीत. निकाल त्यानं वरूनच ओरडून सांगितला. तो तेव्हा त्या दिव्यांखाली सुपारी कातरत बसला होता. सांगून होतंय तोच उजेड मंदावला आणि अडकित्ता बोटाला लागता लागता राहिला. त्यानं डोळे बारीक करून दाराकडे पाहिलं. एक नवा कण धापा टाकत नुकताच वर पोचला होता.

"शाबास," अलिप्तराव म्हणाला. "दोन जागा दिल्या. जा, आईला घेऊन ये."