काचकागदावाचून रंगलेली खुर्ची

एका संस्थानच्या दिवाणसाहेबांना दरबारातलं रंगकाम आपल्या मेहुण्याला मिळवून द्यायचं होतं. आड येत होता दरबारचा जुना, म्हातारा चितारी भिकाजी. दिवाणसाहेबांनी त्याच्यापुढे दरबारातली एक तुकतुकीत खुर्ची ठेवली नि फर्मावलं, "आठ दिवसांत रंगव. काचकागदानं घासायची नाही. नखानं रंग निघाला, तर तुझं काम गेलं!"

न घासता रंग धरणार कसा? कुठला रंग घ्यावा या विचारात भिकाजी बिचारा डब्यांपुढे डोकं धरून बसला.

त्याची बायको सगुणा आरशापुढे कुंकू लावत होती. आधी मेणाचं बोट, मग त्यावर कुंकू. मध्येच तिचा हात थबकला.

"अहो, रंग हवा तो घ्या," ती म्हणाली, "त्याच्या खाली काय लावताय ते आधी बघा!"

दोघांनी रिठ्याच्या पाण्यानं खुर्ची पुसली, पातळ केलेल्या लाखेचा एक हात फिरवला आणि तो वाळल्यावर वर हिरवा रंग चढवला.

दरबारात राणीसाहेबांसमोर दिवाणसाहेबांनी नख ओढून ओढून पाहिलं. नख दुखलं, रंग काही निघाला नाही.

"लबाडी! चोरून घासलीय!" ते ओरडले.

भिकाजीसोबत आलेली सगुणा पदर सावरत पुढे झाली. "सरकार, राणीसाहेबांचं कुंकू सकाळपासून जागचं हललं नाही, कारण खाली मेण आहे. तशीच या रंगाखाली लाख आहे. की त्यांनीही कपाळ चोरून घासलं म्हणता?"



राणीसाहेब हसू दाबत म्हणाल्या, "बोला ना, दिवाणजी! खुर्चीही आमची, कपाळही आमचंच."