दाराच्या पोटातली काच

"पण बाई, यात खोट काय आहे, ते तरी सांगा!"

गजेंद्र पांचाळचा आवाज चढला होता. वर्टीकरबाई मात्र त्यानं करून आणलेल्या दाराभोवती फिरत होत्या.

खैरठाण्याची छोट्या लाइनीची गाडी कधीच बंद पडली होती. तिचे जुने लाकडी डबे दुरुस्त करून पुन्हा चालवायचे, असा विडा गावातल्या हौशी मंडळींनी उचलला होता. दर रविवारी शेडमध्ये घासणं, ठोकणं, रंगवणं चाले. या सगळ्यांच्या म्होरक्या वर्टीकरबाई. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. गजेंद्र त्यांचाच विद्यार्थी. आता त्याच्या फर्निचरला जिल्हाभर मागणी होती, आणि ही गोष्ट तो कुणाला विसरू देत नसे.

पहिल्या डब्याचं दार त्यानं नवं करून आणलं होतं. पुढच्या रविवारी डबा धावणार होता. आपले कारागीर, सासरची माणसं, सगळ्यांना गजेंद्रनं आमंत्रणं देऊन ठेवली होती.

आणि बाई म्हणत होत्या, हे दार डब्याला लावायचं नाही.

"सांधा हलतोय का?"

"नाही."

"लाकूड हलकं आहे?"

"चांगला साग आहे."

"मग?"

"जुन्या दाराच्या आतल्या फळीला स्क्रू होते. ते कुठं गेले?"

गजेंद्र खुलला. हेच तर त्याला दाखवायचं होतं.

"ती पितळी डोकी किती ओबडधोबड दिसायची, बाई! मी फळी सरसानं चिकटवली. पाण्यातही सुटणार नाही असा सरस. हात फिरवून बघा, जोड सापडतो का."

बाईंनी हात फिरवला. जोड सापडला नाही.

"किती वर्षं टिकेल?"

"शंभर! माझ्यामागं कुणाला याला हात लावावा लागणार नाही."

"हं..."

हा 'हं' शाळेपासूनचा. तो ऐकला की चित्र पुन्हा काढावं लागायचं.

अशा दारातली खिडकीची काच चामडी पट्ट्याला बांधलेली असते. पट्टा ओढून खुंटीला अडकवला की काच वर राहते. सैल सोडला की दाराच्या पोटात उतरते. बाईंनी पट्टा खुंटीवरून काढला, त्याचं टोक खिडकीखालच्या फटीशी धरलं... आणि सोडून दिलं.

काच खाडकन आत गेली. पाठोपाठ पट्टाही गडप झाला.

"बाई!"

"प्रवाशांच्या हातून पट्टे तुटतात रे," बाई म्हणाल्या. "काढ आता."

गजेंद्रनं फटीत तार घालून पाहिली. दार आडवं केलं, उलटं केलं, हलवलं. काच आत तिरकी अडकली होती. शेडमधली ठोकाठोक थांबली. सगळे त्याच्याकडे बघत होते.

"फळी कापावी लागेल," तो अखेर म्हणाला.

"काप."

"दार वाया जाईल, बाई."

"जाईल."

"आणि रविवारी?"

"तिथं आडवी फळी ठोकू. लोक पलीकडच्या दारानं चढतील."

गजेंद्रला रडू यायचंच काय ते बाकी होतं. चारचौघांत आपली जिरवायची म्हणून बाईंनी हे केलं, असं त्याला वाटलं. दार उचलावं, घरी न्यावं, पुन्हा या शेडचं तोंड बघू नये... पण आत काच होती. त्या डब्याची मूळची, एवढी एकच वाचलेली. ती त्याच्या दारात कोंडली गेली होती.

त्यानं करवत घेतली.

स्वतःच्या हातची फळी कापणं सोपं नव्हतं. सरस तसूभर सुटत नव्हता. तो खरोखरच उत्तम होता. शेवटी काच शाबूत निघाली. गजेंद्रनं ती पुसून बाईंच्या हातात दिली.

"पुन्हा?" त्यानं विचारलं.

"पुन्हा."

रविवारी डबा धावला, आडव्या फळीसकट. तुमचं दार कुठलं, असं मेहुण्यानं विचारलं.

"व्हायचंय अजून," गजेंद्र म्हणाला. मान खाली घातली नाही.

दुसऱ्या दिवसापासून दुकान बंद केलं की तो शेडमध्ये येऊ लागला. भंगारात टाकलेलं जुनं कुजकं दार त्यानं शोधून काढलं आणि पेचकसानं एकेक स्क्रू सोडवत उघडलं. स्क्रूंच्या खाचा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. त्या त्यानं एकेक करून बोटानं चाचपल्या. कितीतरी अनोळखी हातांनी दुरुस्तीसाठी ती फळी उघडली होती...

नवं दार तयार झालं. आतल्या फळीवर तीच पितळी डोकी रांगेनं चमकत होती.

बाई आल्या. या वेळी हात फिरवला नाही.

"किती वर्षं टिकेल?"

गजेंद्रनं एका स्क्रूवर बोट ठेवलं.

"ते... माझ्या हातात नाही, बाई. अधूनमधून कुणाला तरी उघडावं लागेल."

आणि त्यानं खिशातला पेचकस पुढे केला.

बाईंनी तो घेतला. डब्यात चढल्या, दाराशेजारच्या बाकाखाली हाताला लागेल असा ठेवला, आणि खाली उतरल्या.

"मग टिकेल," त्या म्हणाल्या. "लाव."